आठ दिवसांचे २८६ दिवस: सुनीता विल्यम्स अंतराळात खरंच ‘अडकल्या’ होत्या का?

१९ मार्च २०२५, पहाटेचे ३ वाजून २७ मिनिटं. कांजूरमार्गच्या आमच्या घरात उजेड फक्त माझ्या मोबाईलचा. फ्लोरिडाजवळच्या समुद्रात ड्रॅगन कॅप्सूल उतरली आणि थोड्या वेळात तिच्याभोवती चक्क डॉल्फिन फिरायला लागले. नऊ महिने ‘अडकल्या, अडकल्या’ ऐकून मलाही आधी वाटायचं की यांना आणायला यानच नाहीये. प्रकरण तसं नव्हतं.

५ जून २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोइंगच्या स्टारलायनरमधून निघाले. माणसं घेऊन जायची या यानाची ही पहिलीच वेळ, म्हणजे सरळसरळ टेस्टिंग. मुक्काम साधारण आठ दिवसांचा. पण ६ जूनला स्पेस स्टेशनला जोडताना, यानाची दिशा सांभाळणाऱ्या २८ छोट्या थ्रस्टरपैकी ५ बंद पडले. त्यातले ४ पुन्हा चालू झाले खरे, पण हेलियमचीही गळती होती. इंधन दाबाने पुढे ढकलायचं काम हाच हेलियम करतो.

मग लगेच परत का नाही आले? थ्रस्टर होते सर्व्हिस मॉड्यूलवर आणि परतताना तो भाग सुटून वातावरणात जळून जातो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एरर आलाय, पण सर्व्हर बंद केला की लॉगसुद्धा कायमचे गेले. म्हणून यान तिथेच ठेवून तपासणी चालली. इकडे न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्समध्ये तसाच एक थ्रस्टर जमिनीवर पेटवून पाहिला. उष्णतेने आतलं टेफ्लॉनचं छोटंसं सील फुगतं आणि वाट अडवतं, असं दिसलं. वरच्या थ्रस्टरमध्ये नेमकं काय झालंय, हे मात्र उघडून बघणं शक्यच नव्हतं.

२४ ऑगस्टला नासाने ठरवलं: स्टारलायनर रिकामं परत येईल. आपल्याकडच्या ७ सप्टेंबरच्या सकाळी ते व्यवस्थित उतरलंही. त्यावर बरेच जण म्हणाले, बघा, उगाच घाबरले! मला हे पटत नाही. निर्णय २४ ऑगस्टला हातात असलेल्या माहितीवर घ्यायचा होता आणि आत दोन माणसं बसणार होती.

खरी नाजूक वेळ त्यानंतरची. पुढचं यान येईपर्यंत स्टेशन सोडून पळायची वेळ आली असती तर? तिथे असलेल्या क्रू-८ च्या ड्रॅगनमध्ये सीट चारच, त्याही भरलेल्या. या दोघांना सामानाच्या जागेत, फोमवर पट्ट्यांनी बांधून आणायची तयारी ठेवली होती.

२८ सप्टेंबरला क्रू-९ चं ड्रॅगन चारऐवजी दोनच जणांना घेऊन निघालं आणि दुसऱ्या दिवशी पोचलं. रिकाम्या दोन सीट यांच्यासाठी. म्हणजे तेव्हापासून परतीचं वाहन दारात उभं होतं! पण ते शेअर रिक्षासारखं: निघालं की चौघंही निघणार, आणि स्टेशनवरची कामं अर्धवट राहणार. त्यामुळे बदली येईपर्यंत थांबायचं ठरलं. ती बदली, म्हणजे क्रू-१०, फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये आली. दरम्यान सुनीता स्टेशनच्या कमांडर होत्या आणि ३० जानेवारीच्या स्पेसवॉकनंतर त्यांचा एकूण वेळ ६२ तास ६ मिनिटं झाला. महिला अंतराळवीरांमध्ये हा विक्रम.

गंमत म्हणजे जाताना दोघांच्या कपड्यांच्या बॅगा खालीच ठेवल्या होत्या. स्टेशनवरच्या लघवीपासून पाणी बनवणाऱ्या यंत्रणेचा पंप बिघडला होता आणि नवा पंप न्यायला जागा हवी होती. आठच दिवस तर जायचंय! कपडे पुढे मालवाहू यानाने गेले.

आणि २८६ दिवस हा काही सगळ्यात लांबलेला मुक्काम नाही. डिसेंबर २०२२ मध्ये रशियाच्या सोयूझमधून शीतक द्रव गळाला, तेव्हा फ्रँक रुबिओ आणि दोन रशियन सहकाऱ्यांसाठी दुसरं रिकामं सोयूझ पाठवावं लागलं. सहा महिन्यांसाठी गेलेले रुबिओ ३७१ दिवसांनी परतले.