वकिलाची फी कोणाच्या खात्यावर?

१९७३च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने विद्यापीठात शिकवणाऱ्या एका गृहस्थाला तीन वर्षांची कैद सुनावली. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा बनावट शिक्का करून घेण्यासाठी त्याने मुंबईतल्या एका ब्लॉकमेकरला गाठलं होतं, असा आरोप होता. सत्र न्यायालयाने त्याला कोर्ट उठेपर्यंतची नाममात्र शिक्षा दिली होती. सरकारने अपील केलं आणि ती वाढली. निकालाची मोफत प्रत उच्च न्यायालयाने येरवडा तुरुंगाकडे पाठवली. ती कैद्याला दिली होती आणि राज्यपालांकडे जाणाऱ्या दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी परत घेतली, असं तुरुंगाचं म्हणणं. आपल्या हाती ती कधी आलीच नाही, असं कैद्याचं म्हणणं. प्रत दिल्याची पोच मात्र तुरुंगाला दाखवता आली नाही. सर्वोच्च न्यायालयात अर्ज पोचायला चार वर्षांहून अधिक उशीर झाला तो यापायीच.

‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात कैदी हरला. १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला, पण त्याआधी येरवड्यातल्या त्या कागदावरून त्यांनी देशभरच्या तुरुंगांना लागू होईल असा दंडक घालून दिला. निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य मिळाली पाहिजे. गरिबीमुळे किंवा कोंडून ठेवल्यामुळे त्याला वकील करता येत नसेल आणि न्यायासाठी गरज असेल, तर न्यायालयाने वकील नेमून द्यावा. त्या वकिलाची फी? ज्या राज्याने खटला भरला आणि माणसाचं स्वातंत्र्य हिरावण्याची प्रक्रिया सुरू केली, त्या राज्यानेच ती भरायची.

इतकी साधी वाटणारी ही गोष्ट कायद्यात यायला संविधान लागू झाल्यापासून अठ्ठावीस वर्षं गेली.

अटकेसंबंधीच्या हक्कांचं कलम संविधानात उशिरा आलं. सप्टेंबर १९४९मध्ये डॉ. आंबेडकरांनी ते मसुद्यात नव्याने घातलं. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातलं (आजच्या कलम २१मधलं) संरक्षण अपुरं पडतं, अशी टीका घटना समितीत झाली होती. ती उणीव काही अंशी भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. आजच्या कलम २२मध्ये अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. त्या वकिलाचे पैसे कोणी द्यायचे, याबद्दल कलमात अवाक्षर नाही.

त्या मौनाचा अर्थ काय, हे १९५१मध्येच विचारलं गेलं. तेलंगणातल्या सशस्त्र उठावाच्या काळात हैदराबाद राज्यातल्या (मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता) विशेष न्यायाधिकरणांनी काही शेतकरी कार्यकर्त्यांना फाशी सुनावली होती. आम्हाला वकील नेमण्याची धड संधी मिळाली नाही, हा त्यांच्या तक्रारींपैकी एक मुद्दा. त्यांच्या बाजूने डी. एन. प्रिट हे इंग्लिश बॅरिस्टर उभे राहिले. अमेरिकेत १९३२च्या ‘पॉवेल विरुद्ध अलाबामा’ खटल्यात, फाशीचा धोका असलेल्या असहाय आरोपीला न्यायालयाने वकील दिलाच पाहिजे, असं ठरलेलं होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल विचारात घेतला; पण वकील नव्हता एवढ्यानेच खटला रद्द होतो, असा सरसकट नियम इथे मानता येणार नाही, असं सांगितलं. पुढे या फाशीच्या शिक्षा कमी झाल्या. न्यायालयाचं उत्तर मात्र कायम राहिलं: हक्क आहे, तो ज्याने त्याने आपल्या ऐपतीने वापरावा.

मुंबई इलाख्यात या प्रश्नाची जाण त्याच्याही आधीची. गरिबांचे खटले चालवण्यासाठी इथे १९२४मध्येच बॉम्बे लीगल एड सोसायटी उभी राहिली होती. १९४९मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तालुका, जिल्हा, बृहन्मुंबई आणि राज्य अशा पातळ्यांवर कायदेविषयक मदतीची यंत्रणा उभारावी, असं या समितीने सुचवलं. अहवाल नीट विचार करून लिहिलेला होता. तो अमलात आला नाही, कारण पैसा नव्हता. पुढची वीसेक वर्षं केंद्र राज्यांकडे बोट दाखवत राहिलं आणि राज्यं रिकाम्या तिजोरीकडे. एम. सी. सेटलवाड यांच्या विधी आयोगाने १९५८च्या अहवालात गरिबांना अशी मदत देणं हे राज्याचं कर्तव्य ठरवलं, तरी फारसं हललं नाही. सरकारी खर्चाने वकील मिळे तो मुख्यतः फाशी होऊ शकेल अशा खटल्यात. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सत्र न्यायालयातल्या खटल्यांपुरती ही सोय केली. आणीबाणीत झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आणलं आणि मोफत कायदेविषयक मदत हे राज्याचं ध्येय म्हणून नोंदलं. ते आलं मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे ज्यांच्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही अशा भागात.

ही कोंडी फोडणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. एन. भगवती अग्रभागी होते. १९४९च्या समितीच्या अध्यक्षांचे ते चिरंजीव. वडिलांचा अहवाल पैशाअभावी पडून राहिला. मुलाने पैशाची सबबच न्यायासनावरून निकालात काढली.

१९७९च्या जानेवारीत के. एफ. रुस्तमजी या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेल्या ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्याने बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांबद्दल ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिलं. ते वाचून ॲड. कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काहीजण खटल्याविना आत होते. जामिनाला पैसे नव्हते, वकील नव्हता. ‘हुसैनारा खातून’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात भगवतींनी मोफत वकील हा कलम २१चाच भाग ठरवला आणि आर्थिक अडचण सांगून राज्याला आपलं घटनात्मक कर्तव्य टाळता येणार नाही, असं बजावलं.

दोनच वर्षांनी बिहारमधल्याच भागलपूरचं प्रकरण न्यायालयासमोर आलं. पोलिसांनी तिथे कैद्यांचे डोळे फोडले होते. या आंधळ्या केलेल्या माणसांना दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं गेलं, कोठडी वाढवली गेली, पण वकील दिला नव्हता. कारण काय, तर त्यांनी मागितला नाही! असा हक्क असतो हे ज्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, त्यांनी मागायचा तरी कसा? भगवतींनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. वकिलाचा हक्क दंडाधिकाऱ्यासमोर पहिल्यांदा हजर करतात तेव्हापासून सुरू होतो, आणि तो आरोपीला समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं काम आहे. १९८६मध्ये अरुणाचलमधल्या सुक दास प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. आरोपीने वकील मागितला नव्हता, तरीही वकिलाशिवाय झालेली शिक्षा रद्द झाली.

मुंबईतून या साखळीत महत्त्वाची कडी जोडली ती पत्रकार शीला बारसे यांनी. कोठडीतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८३च्या निकालात महाराष्ट्र सरकारला आदेश मिळाला, की अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत, आणि अटकेची खबर पोलिसांनी जवळच्या कायदेविषयक मदत समितीला लगेच द्यावी.

वकिलाच्या फीवरून सुरू झालेला हा विचार पुढे रुग्णालयापर्यंत पोचला. १९९२मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं. खासगी रुग्णालयात त्याचे सुमारे १७,००० रुपये गेले. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई दिली. भागलपूरच्या निकालाचा आधार घेत न्यायालय म्हणालं, की वकिलाबाबत जे खरं, ते जीव वाचवण्याबाबत तितकंच, किंबहुना अधिक खरं आहे.

याचा अर्थ प्रत्येक हक्काचं बिल सरकारवर, असा मात्र झाला नाही. १९९३च्या उन्नीकृष्णन निकालात शिक्षणाचा हक्क चौदा वर्षांपर्यंत बिनशर्त मानला गेला आणि त्यानंतर तो राज्याच्या आर्थिक कुवतीवर सोडला गेला. १९९८मध्ये पंजाब सरकारने कर्मचाऱ्यांच्या उपचारखर्चावर घातलेली मर्यादा न्यायालयाने मान्य केली. साधनं अमर्याद नसतात, हे तिथे ग्राह्य धरलं. होस्कोट निकालातलं बळ कळतं ते इथे. वृत्तपत्र काढण्याचं स्वातंत्र्य आहे म्हणून कोणी सरकारकडे छापखाना मागत नाही. पण आरोपी स्वतःहून कोर्टात आलेला नसतो. राज्याने त्याला पकडून आणलेलं असतं, समोर पगारी सरकारी वकील उभा केलेला असतो आणि निकाल देणाराही राज्याच्याच तिजोरीतून वेतन घेतो. अशा जागी बचावाचा खर्च तेवढा आरोपीवर टाकणं उघड अन्याय आहे, आणि तो अन्याय तिजोरीची स्थिती पाहून मोजता येत नाही.

विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७मध्ये झाला आणि अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. तरी देशातल्या तुरुंगांत आजही दर चार कैद्यांमागे जवळजवळ तीन कच्चे कैदी आहेत. मोफत वकिलाची व्यवस्था वर्षानुवर्षं पॅनेलवरच्या वकिलांवर चालली. दर प्रकरणामागे मिळणारी तुटपुंजी फी, आणि त्यासोबत स्वतःची खासगी प्रॅक्टिस. २०२२पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जिल्ह्या-जिल्ह्यांत पूर्णवेळ, मानधनावरचे बचाव वकील नेमायला घेतले आहेत. सरकारी वकिलाच्या तोडीचं कार्यालय, मदतनीस आणि वेळ या बचाव वकिलांना मिळतो का, हे आता प्रत्येक राज्यात तपासावं लागेल.