खापर, खाते आणि कळण्याची भाकर

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते, आणि येणारा-जाणारा त्या बाकावर बसून हौसेने फोटो काढून घेतो. त्या बाकावर कोणी बाई शिदोरी सोडून बसली, तर मात्र हद्दीचा खरा घोळ सुरू होतो. तिच्या फडक्यात ज्वारीची भाकर असते. बाकाच्या अलीकडच्या टोकाला ती भाकर, पलीकडच्या टोकाला तोच ‘रोटलो’. आणि गुजराती माणूस ज्याला ‘भाखरी’ म्हणतो, ती गव्हाच्या जाडसर पिठाची, तुपातेलाचे मोहन घातलेली खुसखुशीत चीज. डिंडोलीतल्या कितीतरी मराठी पोरांनी शाळेत ‘डब्यात भाकरी आहे’ असे सांगितले असेल आणि शेजारच्या मुलाने झाकण उघडून तोंड वाकडे केले असेल. शब्द तोच, पीठ वेगळे.

खानदेशातून सुरतेकडे गेलेल्या माणसांचा इतिहास सांगताना आपण रेल्वे, दुष्काळ आणि मजुरी यांबद्दल बोलतो. ते बरोबरच आहे. पण त्या इतिहासाची दुसरी वही स्वयंपाकघरात लिहिली गेली आहे, आणि ती फारशी कोणी उघडत नाही.

आधी रेल्वेच. सुरत ते अमळनेर ही ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० साली पूर्ण झाली. खानदेशचा कापूस बंदराकडे आणि गिरण्यांकडे नेण्यासाठी ती सोयीची होती. माणसेही त्याच रुळांवरून गेली, पण मोठ्या संख्येने पुष्कळ उशिरा. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली, आणि काल एकाच जिल्ह्यात असलेली सोयरी परराज्यातली झाली. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. तिकडे सुरतेत कृत्रिम धाग्याचे यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या वाढत होत्या. हात हवे होते. धुळे-जळगावकडचा तरुण भुसावळ पॅसेंजरमध्ये बसला आणि उधन्याला उतरला. गंमत अशी, की कापसाच्या शेतातून निघालेला माणूस पॉलिएस्टरच्या साड्यांच्या कामाला लागला.

उधना, लिंबायत, पांडेसरा भरत गेले, तशी वस्ती पूर्वेला डिंडोलीकडे सरकली. तेव्हा ते शहराबाहेरचे गाव. २००६ साली महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा ते सुरतेत आले. आज तिथल्या गल्लीत उभे राहिले तर कानावर अहिराणी पडते, दुकानाची पाटी गुजराती असते आणि भाव हिंदीत सांगितला जातो.

पहिली माणसे आली ती एकटी, बायकामुले गावी ठेवून. एका खोलीत पाच-सात जण, पाळीने झोपायचे आणि पाळीने उठायचे. (‘पाळी’ हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच. कष्टाच्या शब्दांना भाषांतर लागत नाही.) जेवण खानावळीत किंवा खोलीतल्या वातीच्या स्टोव्हवर, खिचडी नाहीतर वरणभात. भाकर नाही. भाकरीला तापते पाणी, मळण्याचा जोर, थापण्याचा हात आणि नीट आंच लागते. ती शिकलेल्या हाताची गोष्ट आहे, आणि आमच्याकडे पुरुषांच्या हाताला ती कोणी शिकवली नव्हती. खानावळवाल्याला चपात्या परवडतात, भाकरी परवडत नाहीत. परगावच्या नोकरीतले पहिले हाल पोटाचे होते, आणि ते उपासमारीचे नव्हते, सवयीचे होते. सुटी संपवून परत निघालेल्या पोराच्या पिशवीत आईने काय काय भरले, हे पाहिले तर पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा मिळतो: वर्षाचा काळा मसाला, लसणाची चटणी, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया.

हे सगळे जिन्नस टिकाऊ आहेत, हे लक्षात घ्यायला हवे. ज्या मुलखात पाऊस बेभरवशाचा आणि उन्हाळा हमखास, तिथल्या बायकांनी उन्हालाच कोठारात भरून ठेवले. ज्वारी भिजवून, भरडून, शिजवून, तीत तीळ, लसूण, मिरची घालून, धोतरावर थापून वाळवलेला बिबडा पावसाळ्यात भाजीला काही नसले तरी जेवण निभावतो. आज मासिकांतून ‘नोकरदार गृहिणींसाठी झटपट’ म्हणून जे छापून येते, त्यातली निम्मी अक्कल या डब्यांत आधीपासून होती. फक्त तिला झटपट म्हणत नसत, कारण त्यामागे चैत्र-वैशाखातले कैक दिवस आणि गल्लीतल्या दहा बायकांचे हात असत.

मग बायका आल्या. त्यांच्याबरोबर कळण्याचे पीठ आले. ज्वारीत सालासकट उडीद मिसळून मिठासह दळलेले हे पीठ. प्रमाण घरोघर निराळे; साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद धरतात, उडीद जरा भाजून घेतले तर वास सुरेख येतो. या भाकरीला भाजी लागत नाही. मिरचीचा ठेचा, कच्चे तेल, फोडलेला कांदा, संपले. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून नुसत्या ज्वारीपेक्षा ती कमी चिरते. नवशिक्या सुनेला थापायला सोपी आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ. डिंडोलीत ही भाकर टिकली ती केवळ गावच्या ओढीने, असे मला वाटत नाही. ती पाळीच्या घड्याळात बसली म्हणून टिकली.

कारण ते घड्याळ मोठे कठोर होते आणि आहे. लूमच्या खात्यात पाळी बारा तासांची. सकाळी सातला एक सुटते तेव्हा दुसरी लागते. घरात नवरा दिवसपाळीला आणि दीर रातपाळीला असेल, तर चूल दोनदा पेटते, दोन डबे भरतात, आणि एकाच्या झोपेत दुसऱ्याचे जेवण शिजते, आवाज न करता. भाकर थापण्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो, हे एका खोलीत राहिलेल्यालाच कळते. मधल्या वेळात बाई मोकळी असते असे समजू नये. साड्यांना टिकल्या, लेस लावणे, दोरे कापणे ही घरबसल्याची कामे तिच्याकडे येतात, नगावर पैसे. म्हणजे स्वयंपाकातून वाचलेली प्रत्येक अर्धी घटका मजुरीत जाते. प्रेशर कुकर भारतात १९५९ पासून बनू लागला, पण या घरांत तो शिरला तो बाईच्या सोयीसाठी नव्हे, रॉकेलच्या बचतीसाठी. परराज्यातून आलेल्याला इथले रेशनकार्ड मिळेपर्यंत रॉकेल चढ्या भावाने घ्यावे लागे, आणि डाळ शिजायला तासभर स्टोव्ह जाळणे कोणाला परवडणार?

काही पदार्थांना मात्र घड्याळाने मारले. भरिताचेच घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती मोठी हिरवी वांगी सुरतेच्या बाजारात येतात. पण आमच्याकडे ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, आणि पॉलिएस्टरच्या शहरात काड्या कुठून आणायच्या? गॅसवर भाजताना वांग्याला तेलाचा हात लावून टोचे मारले, मंद आंचेवर फिरवत राहिले आणि नंतर झाकून पाच मिनिटे ठेवले, तर साल सुटते आणि थोडा धूर आत राहतो. थोडाच.

खापराची गोष्ट अधिक अवघड. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी आमरसाबरोबर मांडे करायचे ही खानदेशाची रीत. पालथ्या घातलेल्या मातीच्या खापराखाली लाकडाचा जाळ, आणि पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत हातभर रुंद करून त्यावर टाकायचा. गॅसच्या शेगडीवर खापर नीट बसत नाही, बसले तरी कडेपर्यंत तापत नाही. खोलीत जाळ करता येत नाही. पण मांडे मागे पडले ते खापरामुळे, हे मला पटत नाही. खापर विटांवर मांडून गच्चीवर पेटवता येते, आणि डिंडोलीत तसे करतातही. एक गोळा करणारी, एक फिरवणारी, एक जाळ पाहणारी अशा तिघी-चौघी एकाच दुपारी मोकळ्या सापडणे, हे अवघड झाले आहे.

पुरणावरून आठवले. गुजराती शेजारीण पुरणपोळी करते ती तुरीच्या डाळीची. आपली हरभऱ्याच्या डाळीची. दोघी एकमेकींना ताट पाठवतात, दोघी तोंडभर कौतुक करतात, आणि दोघींना मनातून आपलीच खरी वाटते. चांगल्या शेजाराला एवढा मतभेद पुरतो.

मात्र कानबाईच्या रोटात डाळ बदलत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य मोजून काढतात. हा रोट भाऊबंदातच खायचा, बाहेर द्यायचा नाही. हे मोजणे म्हणजे कुटुंबाची शिरगणतीच. दोन भाऊ गावी आणि तीन डिंडोलीत असले, तर कानबाई कुठे बसवायची? पुष्कळ वर्षे उत्तर ठरलेले होते: गावी. श्रावणात गाड्या भरभरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे जात. मग हळूहळू खात्यातून सुटी मिळेना, म्हातारी माणसे गेली, गावचे घर बंद पडले, आणि कानबाई डिंडोलीत बसू लागली. ज्या वर्षी मुठी तिथे मोजल्या गेल्या, ते वर्ष त्या कुटुंबाच्या स्थलांतराचे खरे वर्ष. रेशनकार्डावरचे नव्हे. आणि मुठी पुरुषांच्याच का, हे विचारणाऱ्या मुलीही आता त्या घरांत आहेत. त्यांना उत्तर द्यायला कोणी तयार दिसत नाही.

दारूबद्दल न बोलता ही हकिकत अपुरी राहील. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा गुजरातेने राज्य झाल्यापासून चालू ठेवला. महाराष्ट्राने परवान्यांची वाट धरली. त्याहीपूर्वी, १९२२ साली, सुरत जिल्ह्यातल्या आदिवासींनी देवीच्या नावाने आपणहून दारू सोडण्याची चळवळ केली होती. आपल्या महाराष्ट्रात २०२२ साली वाईन किराणा-बाजारातून विकावी का, यावर मोठा वाद झाला. डिंडोलीतल्या बाईच्या दृष्टीने वाद वेगळाच आहे. कायदा असूनही पगाराच्या दिवशी पैसे डाळीच्या डब्याकडे येतात की दुसरीकडे जातात, हे तिला नवऱ्याच्या पायरीवरच्या पावलांवरून समजते. कायदा आपल्या बाजूचा आहे, एवढाच तिला आधार.

दोनदा ही स्वयंपाकघरे एकदम थंड पडली. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो माणसांनी सुरत सोडली, तेव्हा. आणि २०२० च्या टाळेबंदीत, खाती बंद झाली तेव्हा. दोन्ही वेळा ज्यांचे गावी घर उरले होते ते तिकडे गेले, काम सुरू होताच परत आले, आणि येताना पुन्हा पीठ-मसाला घेऊन आले. ज्यांची कानबाई डिंडोलीत बसत होती, त्यांना जायला जागाच नव्हती.

नव्या पिढीला लोचो आवडतो, चंदनी पडव्याची घारी आवडते. थंडीत सुरती पोंक खाताना आजोबा म्हणतात, हा तर आपला हुरडा. पोरगा म्हणतो, असेल, पण याच्यावर लिंबू-मिऱ्याची शेव आहे. घरी शेवभाजी असते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण आठवड्याचे करून ठेवलेले, रस्सा उकळला की ताट वाढतानाच शेव घालायची, आधी घातली तर लगदा होतो. गेल्या अखाजीला अशाच एका घराच्या गच्चीवर मी होतो. सून सुरतेतच जन्मलेली, शिक्षण मराठी शाळेत, बोलणे तिन्ही भाषांत. सासू विटांमध्ये काटक्या सारत होती. पहिला मांडा फाटला, दुसरा फाटला. तिसऱ्याला सासू म्हणाली, “माय, हात ढिले सोड, तो आपसूक मोठा होतो.” शेजारच्या गच्चीवरून गुजराती बेन वाकून पाहत होत्या. त्यांनी विचारले, डाळ कोणती? सुनेने खापरावरची नजर न काढता सांगितले, “चणानी. पण आज खाऊन तो जुओ.”