बुधवारची रात्रीची आठ वाजताची गाणी



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे कार्यवाहबाईंनी मला सांगितले. पाचोडचा इतिहास म्हटला की निजामाचा अंमल, १९४८ सालचे पोलीस ॲक्शन, जायकवाडीचे धरण, मोसंबीच्या बागा हे सर्व ओघाने येते, आणि ते लिहिणारी माझ्याहून जाणती माणसे गावात आहेत. मी लिहिणार आहे ती गाण्यांची हकीकत. गाणी हा काय इतिहासाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. परंतु कोणते गाणे ऐकावे, ते कुठे बसून ऐकावे, आणि आवडले तर कोणाच्या नावाने आवडले म्हणून सांगावे, ह्याचे आमच्या लहानपणी कडक नियम होते. ते नियम कसे होते हे आजच्या मुलींना सांगितले पाहिजे.

प्रथम बिनाका गीतमालेविषयी. हा कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर सुरू झाला. बुधवारी रात्री आठ ते नऊ. निवेदक अमीन सयानी, त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचे. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, त्याच्या फिती विमानाने कोलंबोस जात, आणि तिथून लघुलहरींवर तो हिंदुस्थानभर ऐकू येई. सुरुवातीस नुसती सात गाणी लावीत आणि ती आवडीच्या क्रमाने लावून पाठवा म्हणत. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे स्वतः सयानी सांगत. १९५४ पासून सोळा गाण्यांची चढती माळ सुरू झाली. सोळाव्या पायरीपासून वर चढत जायचे आणि शेवटी पहिल्या नंबरचे गाणे. तो नंबर येईपर्यंत जीव नुसता टांगणीला लागे.

आता ही गाणी सिलोनवरून का यावीत, हा प्रश्न आहे. गाणारी लता आपली, चाली बांधणारे सी. रामचंद्र पुणतांब्याला जन्मलेले, म्हणजे आपल्याच गोदावरीच्या काठचे. १९५३ साली गीतमालेत वर्षभरात पहिले आलेले 'अनारकली'तले गाणे ह्या दोघांचेच. आणि तरीही ते ऐकायला समुद्रापलीकडचे स्टेशन लावावे लागे! कारण १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर. तेही पुन्हा मराठीच. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. निर्मात्यांशीही बिनसले, आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. केसकरांना ह्याबद्दल सगळेच दोष देतात. मी सरसकट देणार नाही. शास्त्रीय संगीताचे अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाले, आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण निघाले तेही त्याच काळात. पण लोकांना काय आवडावे हे दिल्लीत बसून ठरवता येत नाही, हेही खरे. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. तोपर्यंत सिलोनची सवय लागून गेली होती.

आमच्या आळीत पहिला रेडिओ एका आडत्यांच्या घरी आला. गावात वीज नव्हती, तेव्हा तो मोठ्या बॅटरीवर चाले, आणि पोस्टात जाऊन त्याचे लायसन काढावे लागे. रेडिओ ओसरीवर ठेवलेला. बुधवारी संध्याकाळी ओसरी पुरुषांनी भरून जाई. आम्ही बाया-पोरी माजघरात, मधल्या भिंतीच्या अलीकडे. दाराला पडदा. आवाज वाऱ्याबरोबर येई आणि जाई, पावसाळ्यात तर नुसती खरखर. चांगले गाणे नेमके मधेच बुडाले की आत कोणीतरी 'अगं बाई' म्हणे आणि बाहेरून 'आत गप्प बसा' असे येई.

आठ वाजता म्हणजे जेवणाची वेळ. बुधवारी आमच्या काकू बाजरीच्या भाकरी दिवेलागणीलाच थापून ठेवीत. काका म्हणत, 'आज चूल लवकर पेटली?' काकू उत्तर देत नसत. वर गंमत अशी की, ज्या दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी हा सगळा थाट होता, ते बिनाका आमच्या घरात कोणी पाहिलेलेही नव्हते. आम्ही राखुंडीने दात घासणारी माणसे!

काकूंना लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु गाण्यातले शब्द त्यांना आम्हा शाळकरी पोरींपेक्षा चांगले समजत. ह्याचे कारण निजामाचे राज्य. त्या अमलात शाळा-कचेऱ्यांतून उर्दू, बाजारात दखनी, त्यामुळे साहिर किंवा शकील ह्यांचे शब्द आमच्याकडच्या अडाणी म्हणवणाऱ्या बाईलाही परके वाटत नसत. पुण्याची एक आत्या सुट्टीत आली होती. तिला 'अनारकली'तल्या एकेका शब्दाचा अर्थ काकूंनी चुलीपुढे बसून सांगितलेला मी ऐकला आहे.

आणखी एक गोष्ट काकूंनी सर्वांच्या आधी टिपली. सयानी बोलायला लागले की आधी बहिणींना हाक मारीत, मग भावांना. बाकी सगळीकडे भाऊ आधी, बहिणी मागून. 'बघ, ह्यानं आपलं नाव आधी घेतलं,' असे त्या दर बुधवारी म्हणत. पुष्कळ वर्षांनी मी वाचले की सयानींच्या आई, कुलसुमबाई, ह्यांनी नव्याने साक्षर झालेल्यांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक उर्दू, नागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत वर्षानुवर्षे चालवले होते. सोप्या शब्दांत सर्वांना कळेल असे बोलायचे, हे मुलाने घरातच शिकलेले असणार. पडद्यामागे बसलेल्या बाईला त्या हाकेचे काय वाटत असेल, हे मी काकूंच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

आता मुख्य मुद्दा. गीतमालेचे नंबर कसे ठरत? दुकानांतून तबकड्या किती खपल्या ते पाहत, आणि गावोगावचे श्रोता संघ आपली पसंती कळवीत. कार्डे मुंबईच्या पत्त्यावर जात. लोकांचा कौल म्हणत ह्याला. पण आमच्या आळीतली एकही बाई तबकडी विकत घेत नव्हती, आणि श्रोता संघात बाई असणे शक्यच नव्हते. मग हा कौल कोणाचा? ओसरीवरच्यांचा. माजघर त्यात मोजलेच जात नसे.

काकूंनी ते मोजावे म्हणून खटपट केली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत, अक्षर बरे. बुधवारचा कार्यक्रम संपला की दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मला माळ्याखाली बसवीत आणि म्हणत, 'लिव्ह पोरी. पयला नंबर हा, दुसरा हा.' त्यांचा क्रम विचारपूर्वक असे. ठेक्याची गाणी त्या खाली टाकीत, 'दोन म्हैन्यांत इसरशील' म्हणून. कार्डाखाली नाव मात्र चुलतभावाचे. बाईच्या नावाचे कार्ड पोस्टात टाकायचे, तेही सिनेमाच्या गाण्यासाठी, म्हणजे गावभर बोभाटा. कार्डे आळीतल्या एका गृहस्थांकडे देत, कारण संघाची पत्रे ते एकत्र पाठवीत. पुढे कळले की त्यांनी आमची कार्डे कधी पाठवलीच नव्हती. 'बायकांचा पोरकटपणा' म्हणून ती बाजूला ठेवून दिली होती. काकूंना हे समजले त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. कार्ड लिहायला मात्र मला पुन्हा बसवले नाही.

त्याच सुमारास १९५७ सालचा वार्षिक निकाल लागला. त्या वर्षी 'मदर इंडिया', 'नया दौर', 'प्यासा' असे एकाहून एक चित्रपट होते. पहिले गाणे आले ते 'जनम जनम के फेरे' ह्या पौराणिक वळणाच्या चित्रपटातले! लता आणि रफी, संगीत एस. एन. त्रिपाठी, शब्द भरत व्यास. आजही जाणकार म्हणवणारे ह्या निकालावर नाके मुरडतात. मला त्यात काही नवल वाटत नाही. देवाला उद्देशून आहे की माणसाला, हे त्या गाण्यात शेवटपर्यंत धूसर राहते. म्हणून ते सासूच्या समोर म्हणता येत असे. दळताना, धुताना, निवडताना मोठ्याने म्हणता येईल असे सिनेमाचे गाणे बायकांना हवेच होते. काकूंचाही पहिला नंबर तोच होता. 'आपलं कारड न जाताच आला की गं,' एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्या आजीला ह्या सगळ्याचे काही वाटत नसे. तिची गाणी पहाटे चार वाजता जात्यावर. गावात तेलावरच्या इंजिनाची पिठाची गिरणी आली तशी जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्याही बसल्या. आजी म्हणे, 'तुमचं गाणं डबडं म्हणतं, तुम्ही ऐकता. आमचं आम्हीच म्हणायचो.' तेव्हा मला तिचे म्हणणे हेकट वाटे. पुढे गी पोएटव्हँ आणि हेमा राईरकर ह्यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या लाखावर गेली, आणि त्यात आपल्या मराठवाड्यातल्या, परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे ह्यांच्याही ओव्या आहेत. एक लाख! कोणत्या माळेत, कोणत्या पायरीवर त्या बसवणार? हिंदी गाण्यांच्या त्या माळेत मराठी गाण्यालाही जागा नव्हती, ओवीची गोष्ट तर दूरच.

मराठी गाण्यांत बायकांचे मत काय होते, त्याचा एक नमुना सांगते. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला. त्यातली बुगडी हरवल्याची लावणी आशाबाईंनी म्हटली आहे. घरंदाज बाईने ती गुणगुणायची नाही असा दंडक होता, पण आड काढताना दोरीच्या तालावर ती आपोआप येई. मला विचाराल तर त्या काळातल्या सर्व मराठी गाण्यांत तिच्याइतकी खणखणीत चाल दुसरी नाही. वसंत पवारांचे नाव त्यासाठी घेतलेच पाहिजे. उलट १९६६ च्या 'सूरज'मधल्या, वर्षात पहिल्या आलेल्या त्या रफीच्या गाण्याचे बँडवाल्यांनी इतके हाल केले की, १९६७ च्या उन्हाळ्यात माझ्या स्वतःच्या वरातीत ते वाजायला लागले तेव्हा मला शालूत घाम फुटला. रेडिओवर ते गाणे रेशमासारखे होते. बँडने त्याचे गोणपाट केले.

ट्रान्झिस्टर आले आणि ओसरीची सत्ता संपली. रेडिओ खुरपणीला बांधावर आला, गोठ्यात आला. १९७२ च्या दुष्काळात आपल्यापैकी कितीतरी जणी खडी फोडायला होत्या. मुकादमाचा ट्रान्झिस्टर दगडावर ठेवलेला असे. त्या वर्षी गीतमालेत पहिले आले ते 'हरे रामा हरे कृष्णा'मधले चिलमीचे गाणे. पोटात अन्न नाही, हाताला फोड आलेले, आणि वर नशेचा तो जयघोष! बाया हसत. आशाबाईंचा आवाज आवडे, शब्द कोणी मनावर घेत नसे.

हे सर्व लिहिताना मला सारखी आठवते ती लताबाईंची गोष्ट. १९६३ च्या 'मोहित्यांची मंजुळा'पासून त्यांनी चित्रपटांना संगीत दिले ते 'आनंदघन' ह्या नावाने. लोकांना वाटे कोणी पुरुष संगीतकार आहे. १९६५ च्या 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा ह्या नावामागे कोण आहे ते सर्वांना कळले. त्यातले ऐरणीचे गाणे आपल्याकडे हळदी-कुंकवाला आजही म्हणतात. ज्यांच्या आवाजाला सारा देश ओळखत होता त्यांनीही चालीखाली दुसरे नाव घातले, मग आमच्या काकूंनी कार्डाखाली चुलतभावाचे घातले ह्यात काय मोठे?

गीतमाला १९८९ साली विविध भारतीवर आली आणि १९९४ मध्ये थांबली. लताबाई २०२२ साली गेल्या, सयानी २०२४ साली. काकू त्यांच्या कितीतरी आधी. आजच्या मुली कानात बोंडे घालून एकेकटीने ऐकतात. ते बरे की वाईट, हे मी ठरवणार नाही. त्यांना पडद्यामागे बसावे लागत नाही, हे मात्र मला फार बरे वाटते.

कार्यवाहबाईंना विचारून मंडळाच्या कपाटात मी एक कोरी वही ठेवली आहे. प्रत्येकीने आपल्या आवडीची दहा गाणी, क्रमाने, त्यात लिहावीत. मराठी, हिंदी, भक्तीची, लावणीची, कोणतीही चालतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मंगळवारी दुपारी माझ्याकडे यावे, मी लिहून देईन. खाली नाव मात्र स्वतःचे घालायचे. ज्यांना जात्यावरच्या ओव्या आठवत असतील त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी पंचवीस पाने वेगळी सोडली आहेत. ती कमी पडली तर दुसरी वही आणू.