जिल्हे बदलले, सर्व्हे नंबर टिकला

संगणकप्रणालीत प्रत्येक नोंदीला वेगळी ओळख कशी द्यायची, हा प्रश्न अभियंत्यांना रोज पडतो. वऱ्हाडात तो महसूल खात्यापुढे शेतजमिनीच्या रूपाने आला होता. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १८६१ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या पद्धतीने शेतवार मोजणीचा निर्णय झाला. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब-रुंद तुकडा म्हणजे गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. या मापाने मोजलेल्या प्रत्येक शेताला गावापुरता एक अनुक्रमांक, म्हणजे सर्व्हे नंबर, मिळाला. त्या आकड्यावरून शेत कोणाचे, त्यात कापूस आहे की ज्वारी, सारा किती, यातले काहीच कळत नाही. माझ्या मते त्याचे बळ नेमके इथेच आहे: मालक विक्रीने बदलतो, पीक हंगामाने आणि सारा फेरआकारणीने, म्हणून ही माहिती क्रमांकात न कोंबता त्याच्यासमोरच्या रकान्यांत ठेवली गेली.

हा निर्णय किती शहाणपणाचा होता, हे वऱ्हाडच्या पुढच्या इतिहासावरून दिसते. १९०३ मध्ये हा प्रांत मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत विरले, वाशीमचा मोठा भाग अकोल्यात आला. पुढे १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा. क्रमांकात जिल्हा गुंफला असता, तर दर वेळी दप्तरच्या दप्तर नव्याने लिहावे लागले असते. वाहनांच्या पाट्यांवर तो गुंफलेलाच आहे: अकोल्याची एमएच-३०, वाशीमची एमएच-३७. त्यामुळे वाशीम जिल्हा होण्याआधी अकोल्यात नोंदलेली वाशीमची गाडी पाटीवर अकोल्याचीच राहते.

यावर आक्षेप येईल की ४५ नंबरचे शेत तर गावोगाव असते. खरे आहे. म्हणूनच दस्तात मौजे आणि तालुका लिहिल्याशिवाय सर्व्हे नंबरला अर्थ नाही. पण ही उणीव म्हणजे सोयही होती. गावाची हद्द हेच क्रमांकाचे कुंपण असल्याने एका गावाचे आकडे ठरवताना दुसऱ्या गावाचे दप्तर पाहावे लागत नव्हते. संगणकातल्या नोंदींना ओळख देणारी आजची यूयूआयडी हीच मोकळीक वेगळ्या मार्गाने मिळवते: १२८ बिटांची संख्या इतकी अफाट असते की कुठल्याही यंत्राने ती कोणाला न विचारता यादृच्छिकपणे काढली तरी टक्कर होण्याची भीती नगण्य. मात्र ती माणसाच्या तोंडी बसत नाही आणि विस्कळीत क्रमामुळे डेटाबेसची अनुक्रमणिकाही रेंगाळते. २०२४ च्या प्रमाणकात काळाचा आकडा आरंभी ठेवणारी सातवी आवृत्ती आली, ती या दुसऱ्या अडचणीसाठीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाटण्या झाल्या की ४५ चे ४५/१, ४५/२ होतात. पिढ्यान्‌पिढ्या ही शेपटी लांबत जाते. म्हणजे क्रमांकात इतिहास शिरलाच की! शिरला, पण जो शिरला तो घडून गेलेला, न बदलणारा: हा तुकडा कोणत्या शेतातून फुटला एवढाच. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झाले, तिथे मात्र हा धागा तुटला. नवे गट नंबर आले आणि जुन्या-नव्याचा मेळ घालणारी पत्रके हाताशी ठेवणे भाग पडले. अक्षांश-रेखांशांवरून काढला जाणारा १४ अक्षर-अंकांचा भू-आधार गावाच्या कुंपणाबाहेरही एकमेव ठरतो. तरी तुकड्याचा आकार बदलला की नव्या क्रमांकाची गरज त्यालाही चुकत नाही. तेव्हा पद्धत निवडताना लांबी आणि वेग यांआधी तीन गोष्टी ठरवाव्यात: क्रमांक कोण देणार, तो किती हद्दीत एकमेव हवा आणि त्यात उद्या बदलू शकेल असे काय शिरते आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर पहिल्या दोहोंतली तडजोड पुढे निभावून नेता येते.