लेकुरवाळ्या झाडांचे मंडळ

मौद्याला आमच्या ओसरीवर एक कुंडी आहे. तिच्यातल्या झाडाची पाने पट्ट्यासारखी लांब, काठाला बारीक काटे असलेली, आणि बुडाशी एकमेकांत अशी घट्ट बसलेली की मधोमध आपोआप एक पेला तयार झाला आहे. या पेल्यात पाणी साचते आणि झाड आपली तहान मुख्यतः त्यातूनच भागवते. शेजारच्या काकू ते पहिल्यांदा पाहायला आल्या तेव्हा बराच वेळ वाकून निरखत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हे अननस होय का जी? मंग याले फळ काहून नाही?"

काकूंचा तर्क निम्मा बरोबर होता. झाड अननस नव्हे, पण अननसाचे चुलत भावंड खरे. ब्रोमेलियाड हे त्याचे घराण्याचे नाव. ओलोफ ब्रोमेलियस नावाच्या स्वीडिश वैद्याच्या नावावरून ते पडले. या घराण्यात ३,५००हून अधिक जाती आहेत, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात उगवणारी एक जात सोडली तर बाकी सगळ्या अमेरिका खंडातल्या. कुणी झाडाच्या फांदीवर बसते, कुणी उघड्या खडकावर, तर कुणी मुळे नावापुरती ठेवून हवेतल्या दवावरच गुजराण करते. फांदीवर बसणारे हे पाहुणे झाडाचा रस मात्र शोषत नाहीत. बांडगूळ आणि हे यांत हा मोठा फरक आहे.

या घराण्यातला थोरला आपल्याकडे आला त्याला चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला. कोलंबसाच्या लोकांनी अननस पाहिला तो १४९३ साली, ग्वादेलूप बेटावर. पुढे पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरवला. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत या फिरंगी बंदरांतल्या फळाच्या सुवासाची तारीफ केली आहे, आणि आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरसाल हजारोंनी अननस होतात असेही लिहून ठेवले आहे. आग्र्याच्या उन्हाळ्यात हजारो अननस! माळ्यांचे काय हाल झाले असतील, ते बादशहाने लिहिलेले नाही.

मला या हकीकतीत रस वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. झाडे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात कोण नेते? त्या काळी नेत असे तो राजा. आपल्या नागपूरचा संत्रासुद्धा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणवला अशी परंपरा सांगतात. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी ही सारी भोसल्यांचीच हौस. मग राज्ये गेली आणि साहेबांच्या संस्था आल्या. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यान संस्था १८३० साली मुंबईत निघाली. मुंबईची राणीची बाग १८६२ साली उघडली ती याच संस्थेच्या खटपटीतून. पुण्याची एम्प्रेस गार्डन तीच संस्था आजही सांभाळते. सव्वीस जानेवारीच्या सुमारास तिथे जे पुष्पप्रदर्शन भरते, त्याला पुण्याची माणसे पोराबाळांसह घरच्या कार्यासारखी जातात.

पण राजा नाही आणि सरकारदरबारही नाही, आपापल्या परसातली चार माणसे एकत्र येतात आणि एकाच घराण्याच्या झाडांसाठी मंडळ काढतात, ही तिसरी तऱ्हा बरीच अलीकडची. ब्रोमेलियाडच्या बाबतीत तिचा जन्म १९५० सालचा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातला. त्याआधी ही झाडे युरोपातल्या श्रीमंतांच्या काचघरांत कोंडलेली होती. बेल्जममधल्या लीएज शहरातल्या एदुआर मोरेन नावाच्या प्राध्यापकाने आयुष्यभर ती जमवली, त्यांची सुरेख चित्रे काढवून घेतली, आणि त्यांच्यावरचा थोर ग्रंथ पुरा होण्याआधीच १८८६ साली तो वारला. मंडळ निघाले तेव्हा पहिले अध्यक्षपद मिळाले ते मात्र प्राध्यापकाला नव्हे, फ्लोरिडातल्या मलफर्ड फॉस्टर नावाच्या बागाइती गृहस्थाला. त्याने १९३९ पासून पत्नी रॅसीनसह ब्राझीलची अरण्ये पालथी घातली होती आणि शास्त्राला ठाऊक नसलेल्या कित्येक जाती पिशव्यांत भरून आणल्या होत्या. १९५१ पासून मंडळाचे मासिकवजा पत्र निघू लागले. पाहता पाहता गावोगावी शाखा आणि बहिणी-मंडळे झाली, आणि १९७२ साली ह्यूस्टन येथे पहिली जागतिक परिषदही भरली.

एवढे जमायला या झाडात आहे तरी काय? मला वाटते याचे गुपित झाडाच्या मरणात आहे. केळीसारखेच हे झाड आयुष्यात एकदाच फुलते. फूल दोन-तीन महिने टिकते, मग मूळ झाड हळूहळू वाळते. पण जाण्यापूर्वी बुडाशी दोन, तीन, कधी पाच फुटवे ठेवून जाते. केळीला मुनवे येतात तसेच. म्हणजे ज्याच्याकडे आज एक झाड आहे त्याच्याकडे दोन वर्षांनी चार होणार, आणि ओसरी तेवढीच राहणार. उरलेल्यांचे करायचे काय? वाटायचे. गुलाबवाला एकटा राहू शकतो, ब्रोमेलियाडवाल्याला शेजारी लागतोच.

म्हणून या मंडळांचा सारा व्यवहार फुटव्यांभोवती फिरतो. महिन्यातून एकदा संध्याकाळी जमायचे. ज्याचे झाड फुलले असेल त्याने ते घेऊन यायचे आणि कसे फुलवले ते सांगायचे. कुणी जाणता पडद्यावर चित्रे दाखवून व्याख्यान देतो. घरून करून आणलेल्या फराळावर सगळे तुटून पडतात. शेवटी चिठ्ठ्या टाकून फुटव्यांची सोडत होते, आणि तेव्हा भारदस्त माणसेही शाळकरी पोरांसारखी आपल्या नंबराकडे कान लावून बसतात. वर्षातून एक प्रदर्शन आणि त्यात परीक्षक, गुण, बक्षिसे. पानावर एक डाग निघाला म्हणून बक्षीस हुकले, याचे शल्य पुढच्या प्रदर्शनापर्यंत पुरते.

एक युक्ती तर आपल्या वाचकभगिनींनी घरी करून पाहावी अशी आहे. वाढ पुरी होऊनही झाड फुलत नसेल, तर पेल्यातले पाणी ओतून टाकायचे आणि पिकल्या सफरचंदासह झाड आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने झाडाला फुलण्याची जाग येते. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवर अननसाच्या काचघरात धूर कोंडला आणि सारी झाडे एकदम फुलली, तेव्हा या गुणाचा पत्ता लागला. धुरातही हाच वायू असतो.

इथवर सारे गोड. पण पेल्यात पाणी म्हटले की नागपूरकराच्या मनात पहिला विचार येतो तो डासांचा, आणि तो रास्त आहे. त्रिनिदाद बेटावर कोकोच्या मळ्यांना सावली म्हणून आपल्या पांगाऱ्याच्या जातकुळीतली उंच झाडे लावलेली होती. त्यांच्या फांद्यांवर ब्रोमेलियाड दाटले, त्यांच्या पेल्यांत हिवतापाचे डास निपजले, आणि मळ्यांतली माणसे तापाने फणफणू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉलिन पिटेंड्रिग नावाचा तरुण जीवशास्त्रज्ञ तिथे या कामावर होता. उपाय शेवटी निघाला तो असा, की माणसे चढवून ती झाडे उपटायची, नाहीतर मोरचुदाचे पाणी फवारून मारायची. डास ठरावीक वेळीच का चावतात हे तिथे पाहता पाहता पिटेंड्रिगला सजीवांच्या अंगातल्या घड्याळाचा नाद लागला आणि पुढे तो त्या शास्त्राचा एक आद्य पुरुष ठरला. असो. सांगायचे इतकेच की आठवड्यातून एकदा कूलर रिकामा करतो तसा या झाडाचा पेलाही धुवावा.

दुसरी गोष्ट मंडळांच्या अधिक जिव्हारी लागणारी. १९८९ साली फ्लोरिडात एक सोंडकिडा सापडला. परदेशातून विक्रीसाठी आणलेल्या ब्रोमेलियाडबरोबर तो मेक्सिकोतून आला होता. त्याची अळी झाडाचा गाभा कुरतडते. बागेतल्या कुंड्यांवरून तो रानात गेला आणि फ्लोरिडाच्या स्वतःच्या, ओक वृक्षांवर शतकानुशतके बसलेल्या जाती पटापट खाली पडू लागल्या. त्यांतली सर्वांत मोठी जात तर तिथे संकटग्रस्त ठरली. ज्या छंदापायी झाडे देशोदेशी फिरली त्याच वाटेने त्यांचा काळ आला! छंदी माणसे मात्र हात झटकून बसली नाहीत. मंडळांनी विक्रीतून आणि लिलावांतून पैसा उभा केला, तो विद्यापीठातल्या संशोधनाला दिला. किड्यावर जगणारी एक माशी होंडुरासहून आणून २००७ पासून रानात सोडली. ती तिथे टिकली नाही. मग कुणी बिया गोळा केल्या, कुणी घरी रोपे वाढवली. किडा अजून आहे, आणि माणसेही त्याच्या मागे आहेत.

हे वाचताना मला आपल्या रामटेकचे पानमळे आठवले. मांडवाची सावली, सारखा ओलावा, वेलीवर रोग येऊ नये म्हणून बारई लोकांची डोळ्यांत तेल घालून राखण. ब्रोमेलियाडला नेमके तेच हवे: सावली, दमट हवा आणि स्वच्छता. नको ती फक्त आमची काळी माती. माझे पहिले झाड मी धानाच्या बांधावरची माती आणून तिच्यात लावले होते. पहिल्याच पावसाळ्यात ते बुडातून कुजले. दुसरे नारळाच्या काथ्यात आणि विटांच्या तुकड्यांत लावले, उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यात ठेवले, आणि ते मौद्याच्या पंचेचाळीस अंशांतून तरले.

मौद्यात असे मंडळ नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणात रोपे लुटायची पद्धत आता आमच्याकडेही आली आहे. यंदा आमचे झाड फुलून गेले आणि त्याला तीन फुटवे आले. एक वीतभर झाला तेव्हा सुरीने वेगळा करून, दोन दिवस सावलीत सुकवून काकूंकडे दिला. त्यांनी तो तुळशीशेजारी ठेवला आहे. पंधरवड्यापूर्वी तिथली बाई मला कुंपणावरून ओरडून सांगत होती की काकूंनी कुंडी ओतून धुतली, आणि पेल्यात एक बेडकाचे पिल्लू निघाले.