लातूरची छोटी गाडी

राज्याने खजिन्याची थैली सैल सोडावी की आवळून धरावी, हा वाद अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ घातला आहे. मला मात्र तो समजला नांदेड आणि लातूर येथल्या रेल्वेवरून.

नांदेडची गाडी निजामाच्या आधाराने आली. 1883 साली निघालेल्या कंपनीच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. म्हणजे धंदा चालो वा न चालो, भागधारकांना व्याज मिळायचे, आणि तूट भरायची ती रयतेच्या पैशातून. त्याच वर्षी चांदा रेल्वेच्या योजनेची उघड चर्चा व्हावी म्हणणाऱ्या डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्यायांना, सरोजिनी नायडूंच्या वडिलांना, हैदराबादेतून हद्दपार व्हावे लागले. खर्च करणाऱ्याला हिशेब विचारलेला कधी आवडला आहे! पण विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद मार्ग नांदेडवरून गेला, हेही खरे. 1930 साली राज्याने ती कंपनीच विकत घेतली.

लातूरची तऱ्हा निराळी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियराने 1895 साली लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट, बांधणी स्वस्त. गाडी 1897 साली बार्शीला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. डबे चिमुकले, चाल अशी की प्रवाशांच्या गप्पा अर्धवट राहू नयेत. पण लातूरची आडत तिच्यावर पोसली. खाजगी काटकसरीचे हे यश मी मोकळेपणी मान्य करतो. मात्र कुर्डुवाडीला माल उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे, आणि ती हमाली कंपनीच्या वहीत नव्हे, व्यापाऱ्याच्या आणि शेवटी शेतकऱ्याच्या माथी पडे. (नांदेडचे रूळही रुंद नव्हते, मनमाडला तोच खटाटोप.)

1 जानेवारी 1954 रोजी सरकारने बार्शी लाइट घेतली. आता थैली सुटेल, असे कोणालाही वाटले असते. पण लातूरचे रूळ रुंद व्हायला आणखी अर्धे शतक लागले!

एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा पाण्याची गाडी मिरजेहून कुर्डुवाडीमार्गे, म्हणजे कॅल्थ्रॉपच्याच जुन्या वाटेने, लातूरला आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. अडीच फुटी रुळांवर त्या वाघिणी चढल्याच नसत्या. पुढच्याच महिन्यात रेल्वेने लातूरच्या जिल्हाधिकारी कचेरीकडे या वाहतुकीचे सुमारे 4 कोटी रुपयांचे बिल पाठवले.