खिडकीपासून सुरुवात

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ऑनलाइन शासकीय सेवांवर लोक विश्वास का ठेवतात, हे समजून घेऊ पाहणाऱ्याने त्या गावापासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. या विषयात नव्याने येणारे बहुधा न्यायालयाच्या दारातून येतात. तो रस्ता चुकीचा नाही. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेत नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आला. हे वाचायलाच हवं.

पण विश्वास ठरतो सेवा केंद्राच्या खिडकीशी. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली बाई मोबाइल पुढे करते. ओटीपी येतो, तो ती मोठ्याने वाचते, मागच्या रांगेला ऐकू जातो. आधारची एक झेरॉक्स काळपट निघते. दुसरी काढली जाते आणि पहिली टेबलावरच राहते. सर्व्हर कितीही भक्कम असला, तरी त्या कागदाला कोण सांभाळणार? आणि तिने संमती दिली असं म्हणायचं, तर नाही म्हणायची सोय तिला कुठे होती? दाखल्याशिवाय मुलीची शिष्यवृत्ती अडते. अशा वेळी ती विश्वास ठेवते तो खिडकीतल्या ओळखीच्या मुलावर. सरकारी संकेतस्थळ तिने पाहिलेलंही नसतं. आपल्या सर्वेक्षणांतला 'पोर्टलवर विश्वास आहे का?' हा प्रश्न म्हणूनच मला अपुरा वाटतो.

या अभ्यासाला संगणकशास्त्र लागतं, कायदा लागतो; त्याहून जास्त लागते रांगेत उभं राहून ऐकण्याची तयारी. रेशन दुकानात कष्टाने झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत, तिथे धान्याचा आणि खासगीपणाचा प्रश्न एकच होतो. भाषा, समाजकार्य, ग्रामविकास शिकणाऱ्यांनी बिनदिक्कत इकडे यावं. तुमच्याच तालुक्यात करता येईल असं पहिलं काम सुचवतो: शेवटचे चारच अंक दाखवणारं 'मास्क्ड' आधार अधिकृतपणे मिळतं, ते किती जणांना ठाऊक आहे, आणि पुढे केलं तर खिडकीपलीकडचा माणूस ते घेतो का, हे विचारून या.